कळंबच्या आकड्याला भाग जातो का

गणिताचं आणि आपलं कधी जमलं नाही, हे बब्रुवान स्वतःच सगळ्यांना सांगायचा. दहावीत गणितानं त्याला दोनदा आपटलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला तो पास झाला तो पेपर तपासणाऱ्यांना त्याचा नंबर पाठ झाला म्हणून, असं त्याचं म्हणणं. पण एवढं सांगून झालं की तो चहाचा कप खाली ठेवायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा की कळंब गावाबद्दल एक गोष्ट अशी आहे, जी आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही. समोरच्याला वाटायचं, कुठल्या तरी जमिनीची भानगड असणार. निघायचा मात्र पिनकोड.

बब्रुवान कळंबच्या पोस्टात टपाल वेगळं करायचा. सगळी नोकरी त्यानं एका लाकडी मांडणीसमोर उभं राहून काढली. मांडणीला खण, खणाला गावाची चिठ्ठी. पाकीट हातात घ्यायचं आणि पिनकोडचे पहिले तीन आकडे बघायचे. ४१३ नसेल तर पाकीट आपल्या मुलखाचं नाही. ते लांबच्या थैलीत टाकायचं, शेवटचे तीन आकडे वाचत बसायचं नाही. ४१३ असेल तरच पुढं वाचायचं. हे काम तो इतक्या झपाट्यानं करायचा की बघणाऱ्याची मान दुखावी. डोक्यात जागा न मिळाल्यामुळं आपली सगळी हुशारी बोटांत उतरली असावी, असा त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज होता.

आकड्यांची बाधा त्याला झाली ती रद्दीच्या दुकानात. बायकोनं, म्हणजे कमलबाईनं, त्याला वर्तमानपत्रांची रद्दी घालायला पाठवलं होतं. हा रद्दी घालून उलट एक बिनकव्हराचं पुस्तक घेऊन आला. गणिताच्या गमतींचं पुस्तक. त्यात लिहिलं होतं की पाकिटांसारखे आकडेही वेगवेगळ्या खणांत टाकता येतात. सम, विषम, मूळ, संयुक्त, हे तर शाळेत कानावरून गेलेलं. पण आकडे आनंदीसुद्धा असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आलेल्या आकड्याचं पुन्हा तसंच करायचं, आणि असं करत करत शेवटी एक हाती आला तर ती आनंदी संख्या. बब्रुवाननं ज्या आकड्याचे रोज शिक्के मारले, तोच कळंबचा आकडा घेतला. ४१३५०७. चाराचे सोळा, एकाचा एक, तिनाचे नऊ, पाचाचे पंचवीस, शून्याचं काही नाही, साताचे एकोणपन्नास. बेरीज बरोब्बर शंभर, आणि शंभराचा लगेच एक. रद्दीच्या पैशाचं पुस्तक आणलं म्हणून कमलबाई दोन दिवस बोलत नव्हती, पण गाव आनंदी निघालं होतं.

तिथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्याच पानावर मूळ संख्या होत्या: ज्यांना एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कुणानंच पूर्ण भाग जात नाही अशा. बब्रुवानला हा प्रकार फार आवडला. त्याला स्वतःला आयुष्यात सगळ्यांनीच भाग घातला होता, भावांनी, साहेबांनी, सोयऱ्यांनी. कुणाला दाद न देणारा असा एक आकडा आपल्या गावाचा असावा, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं आधी जिल्ह्यातली बाकीची गावं काढून टाकली. परंडा आणि भूम सम संख्या, दोनानंच गारद. मुरुम ४१३६०५, शेवटी पाच, म्हणजे विचारायलाच नको. धाराशिव जिल्ह्याचं ठिकाण असून त्याला अकरानं भाग जातो, हे सांगताना त्याला जरा जास्तच आनंद व्हायचा. तुळजापूरला तिनानं भाग जातो, हे मात्र तो आधी देवीला हात जोडून मग सांगायचा.

उरलं कळंब. पुस्तकात लिहिलं होतं की एवढा मोठा आकडा तपासायचा तर मूळ संख्यांची लांबलचक रांग लावावी लागते, दोनापासून थेट सहाशे त्रेचाळीसपर्यंत, आणि एकेकीनं भाग घालून बघावा लागतो. बब्रुवाननं ते आपल्या धंद्याच्या रीतीनं केलं. आधी ४१३ बघायचं. भाजक तिथंच बसत नसेल तर तो आपल्या मुलखाचा नाही. पुढचं ५०७ वाचायचं कशाला? ४१३ मध्ये फक्त सात आणि एकोणसाठ पूर्ण बसले. ते दोघे ५०७ पाशी येऊन अडकले. संपलं. अख्खं काम एका दुपारच्या चहात उरकलं आणि कळंब मूळ संख्या ठरलं. पुस्तक लिहिणाऱ्याची त्याला कीव आली. बिचाऱ्यानं कधी पोस्टात काम केलं नव्हतं.

पुढं मोबाईल आले, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आले, पण बब्रुवाननं कधी ताळा करून पाहिला नाही. सिद्ध झालेलं पुन्हा काय तपासायचं? उलट तो आकडा त्याला घरात फार उपयोगी पडायला लागला. दूध आणायचं विसरला, तर डोक्यात आकडा होता. रानात पाण्याची पाळी असताना बांधावर झोप लागली, तर झोप नव्हती, विचार चालू होता. कमलबाई रान बघायची, जनावरं बघायची, पाहुणेरावळे बघायची, आणि नवरा मोठ्या कामात आहे असं समजून गप्प बसायची. कधीकधी गप्प बसायची नाही, पण तेव्हा तो खरोखरच विचारात असायचा.

कमलबाईचा धाकटा भाऊ धोंडीबा बेंबळीचा. घरची चांगली बागायत, बोलायला फटकळ, आणि मेव्हण्याची टिंगल करायला कधीही तयार. शिक्के मारून दाजींचा अंगठा तेवढा मोठा झाला, डोकं होतं तेवढंच राहिलं, असं तो भरल्या पंगतीत म्हणायचा. बब्रुवान त्याच्यासोबत हसायचा, कारण अंगठा खरंच मोठा झाला होता. कमलबाई हसायची नाही. माहेरच्या माणसांसमोर ती ताठ बसून सांगायची की आमच्या माणसानं गावाचा आकडा शोधलाय, ते सोपं काम नाही. आकडा शोधलाय म्हणजे नेमकं काय केलंय, हे तिला कुणी विचारत नसे. पण ती ते अशा आवाजात सांगायची की धोंडीबासुद्धा वाटीतली आमटी संपवायला लागायचा.

बब्रुवानच्या निवृत्तीचा दिवस सोमवारी आला. पोस्टात निरोपाचा कार्यक्रम ठरला, सपत्नीक सत्कार. कमलबाईनं धोंडीबाला आवर्जून बोलावलं. त्यानं पूर्ण आहेर घेऊन येतो म्हणून कळवलं, आणि दाजी त्या दिवशी आपला शोध सगळ्यांना सांगणार आहेत म्हणे, तर आम्हालाही कळू द्या, असंही कळवलं. ते कमलबाईनंच त्याला सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या जिवावर तिनं माहेरी पैज लावल्यासारखं केलं होतं.

शनिवारी दुपारी पोस्टमास्तर महालिंगप्पांनी बब्रुवानला बोलावून घेतलं. महालिंगप्पा मुरुमचे, शांत माणूस, बोलायच्या आधी चष्मा पुसायचा. सोमवारी काय बोलणार आहात, असं त्यांनी सहज विचारलं, कार्यक्रम किती वेळ चालेल याचा अंदाज यावा म्हणून. बब्रुवाननं सगळं सांगितलं. रीत पण सांगितली, अगदी पहिले तीन, मग शेवटचे तीन. मुरुमला पाचानं भाग जातो हेही सांगितलं, आणि साहेबांचं गाव म्हणून त्याबद्दल दिलगिरी पण व्यक्त केली.

महालिंगप्पांनी चष्मा पुसला.

"बब्रुवानराव, चारशे तेराला पाचानं भाग जातो का?"

"न्हाय."

"मग तुमच्या रीतीनं आमच्या मुरुमलाही जायला नको. पण जातो की."

४१३ ला पाचानं भाग जात नाही आणि ४१३६०५ ला जातो, हे बब्रुवानला कायम माहीत होतं, पण या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या खणांत पडल्या होत्या आणि त्यांची कधी गाठच पडली नव्हती. पहिल्या तीन आकड्यांतून उरलेलं पुढच्या तिनांत मिसळतं, हे चौथीच्या पोराला कळतं. पाकिटांचं तसं होत नाही. पाकिटातून काही उरत नाही. साहेबांना वाईट वाटलं असावं. रीत चुकली म्हणजे उत्तर चुकलंच असं नाही, आकडा तरीही मूळ असू शकतो, असं ते म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर बब्रुवान जिवंत घरी पोचला.

रविवारी सकाळी त्यानं ते बिनकव्हराचं पुस्तक काढलं. मागच्या पानावर मूळ संख्यांची यादी होती. पुस्तकवाल्यानं सांगितलेलं सगळं काम आता समोर उभं होतं. कागद पुरायचे नाहीत म्हणून त्यानं खडू घेतला आणि पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर बसकण मारली. कमलबाईनं विचारलं तेव्हा त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला नाही, काही नाही. धोंडीबा उद्या किती वाजता येणार ते आठवल्यासारखी दाराकडं बघत राहिली. मग साडीचा काठ खोचून समोरच्या फरशीवर बसली.

"तुमी तीनशेच्या आत बघा, फुडचं म्या बघते," ती म्हणाली.

बब्रुवाननं तिला खडूचा तुकडा दिला. बरं झालं, असं त्याला वाटलं. ती गुंतून राहील आणि आपल्याला प्रश्न विचारणार नाही. तिच्या वाट्याला आलेले भाजक तो नंतर पुन्हा तपासणारच होता. भागाकार आपल्याला येतो की नाही याची खात्री नसलेल्या माणसानं बायकोला तो येत नाही, हे मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

त्याची बाजू फार रंगात आली. सातानं भाग घातला, बाकी तीन. तेरानं घातला, बाकी पुन्हा तीन. सतरानं तर जीवच खाल्ला. एक कमी पडला, नाहीतर गेलाच होता. प्रत्येक बाकीला बब्रुवान देवाचं नाव घेत होता. सत्तेचाळीसला बाकी एक. त्रेपन्नला बाकी एक. दर वेळी आकडा अगदी दारापर्यंत जायचा आणि एक पाय बाहेर ठेवून परत यायचा. त्याची फरशी भरली, तो सरकला, दुसरी भरली. अधूनमधून तो चुकायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. एकदा तर नऊ सक चोपन्नला त्यानं छप्पन्न लिहिलं आणि एका मूळ संख्येवर उगीच आळ घेतला. त्र्याऐंशीला पुन्हा बाकी एक आली तेव्हा त्याची खात्रीच पटली की हा आकडा कुणाच्या हाती लागायचा नाही. रीत चुकीची असली म्हणून काय झालं, मन साफ होतं. शोध आपलाच. मोठ्यानं हसून तो हे कमलबाईला सांगायला वळला.

कमलबाईचा खडू थांबला होता.

"ह्याचं काही उरंना," ती म्हणाली.

तिच्या समोर तीनशे एकोणनव्वदचा भागाकार होता. बब्रुवान गुडघ्यांवर सरकत तिथं गेला. ४१३ मध्ये एकदा, उरले चोवीस. पाच खाली घेतला, दोनशे पंचेचाळीस, भाग जात नाही, वर शून्य. शून्य खाली घेतला, सहा वेळा, उरले एकशे सोळा. सात खाली घेतला, अकराशे सदुसष्ट. तीनशे एकोणनव्वद त्रिक अकराशे सदुसष्ट. खाली गोल शून्य, आणि वर भागाकार, एक हजार त्रेसष्ट. वरचं शून्यसुद्धा तिनं खाल्लं नव्हतं. याच शून्यानं बब्रुवानला दहावीत पाडलं होतं.

त्यानं तोच भागाकार बाजूला स्वतः केला. मग उलटा गुणाकार केला. मग, तिची चूक सापडावी म्हणून, पुन्हा एकदा केला, आणि असं वाटल्याची त्याला तिथंच लाज वाटली. एवढी वर्षं घातली होती ती हवा निघून गेली. आता उद्या बोलायला काही राहिलं नाही, असं तो म्हणाला. सांगेन पाठ दुखते म्हणून आणि बसेन खाली. तुझा भाऊ काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याला आयतं कोलीतच मिळालं.

कमलबाईनं खडूचे हात पदराला पुसले. "इतकी वर्सं तुमी म्हणत हुता, ह्याला भाग जातच न्हाय. आज कळलं जातो, आन् कुणाचा जातो ते बी कळलं. सापडलं म्हणायचं का हरवलं म्हणायचं, ते तुमी ठरवा." एवढं बोलून ती चूल बघायला गेली. फरशी तिनं पुसली नाही, त्याला पुसायला लावली.

सोमवारी पोस्टाच्या मागच्या खोलीत कार्यक्रम झाला. धोंडीबा फेटा बांधून पहिल्या रांगेत. कमलबाई बब्रुवानच्या शेजारच्या खुर्चीवर, नवी साडी, हात मांडीवर घट्ट. भाषणं झाली, बब्रुवानचं एकही पाकीट कधी चुकीच्या खणात पडलं नाही, असं दोघा-तिघांनी सांगितलं, आणि दर वेळी महालिंगप्पांनी चष्मा पुसला. मग बब्रुवान उठला.

समोर बसलेल्यांपैकी एकानंही ४१३५०७ ला कधी भाग घालून बघितला नसता. मूळ संख्या आहे म्हणून ठोकून दिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, धोंडीबानं मान डोलावली असती, कमलबाईची पैज जिंकली गेली असती. महालिंगप्पा एवढे भले की छताकडं बघत बसले असते. बब्रुवानला हे सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तो मोहात पडला होता, हे त्यानं नंतर कधी नाकारलं नाही. खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईनं काढलेलं शून्य स्वतःच्या तोंडानं पुसून टाकायचं, एवढं त्याच्यानं होईना.

त्यानं आपली रीत सांगितली, पाकिटांची. मुरुमचे साहेब कसे पाच घेऊन आडवे आले तेही सांगितलं. पाचानं भाग जातो म्हणून ज्या गावाला आपण हिणवत आलो, त्याच गावानं आपल्याला चौथीच्या वर्गात नेऊन बसवलं, असं म्हणाला. लोक पोट धरून हसले. धोंडीबा सगळ्यांत मोठ्यानं. कमलबाईची नजर जमिनीवर होती. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला.

"हा आकडा मूळ न्हाय. तीनशे एकोणनव्वद गुणिले एक हजार त्रेसष्ट. ह्या दोघांशिवाय त्याला कुणाचाच भाग जात न्हाय. आन् हे म्या न्हाय काढलं. आमच्या घरात..." इथं तो अडखळला, कारण चारचौघांत बायकोचं नाव त्यानं कधी उच्चारलं नव्हतं. "कमलबाईनं काढलं. काल. एका फरशीत. म्या दोन फरश्या भरल्या आन् त्र्याऐंशीपाशी हसत बसलो हुतो."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. महालिंगप्पांनी मोबाईल काढून गुणाकार केला, पडदा शेजारच्याला दाखवला, त्यानं पुढच्याला. बरोबर, बरोबर, असं करत तो मोबाईल खोलीभर फिरला आणि शेवटी धोंडीबाच्या हातात आला. त्यानं तो बराच वेळ धरून ठेवला. मग साहेबांनी शाल बब्रुवानच्या खांद्यावर घालता घालता नारळ कमलबाईच्या हातात दिला, आणि टाळ्या वाजल्या त्या नेमक्या कुणासाठी, हे विचारायच्या भानगडीत बब्रुवान पडला नाही.

घरी निघाले तेव्हा धोंडीबा बहिणीच्या बरोबरीनं चालत होता. फेटा काखेत, टिंगलीचं एकही वाक्य तोंडात नाही. बब्रुवान शाल सावरत मागून येत होता. पोस्टाच्या फाटकाबाहेर आल्यावर धोंडीबानं हळूच विचारलं, "अक्का, तुला भागाकार येतो व्हय?"

"पयल्यापासूनच येतो की," कमलबाई म्हणाली. "कुणी इचारलंच न्हाय."

ऐकून न ऐकल्यासारखं करायची बब्रुवानला चांगली सवय होती, पण त्या दिवशी ती कामाला आली नाही.